पेरणीच्या तारखेत ४५ दिवस मिळवताना
भाऊ, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये पेरणीच्या तारखेत ४५ दिवस मिळवले की एरर येते म्हणालात. ती तारीख मजकूर म्हणून साठली असणार. आमच्या यवतमाळकडच्या पऱ्हाटीच्या (कापसाच्या) नकाशात हेच झालं होतं: १५-०६-२०२४ दिसायला तारीख, पण सॉफ्टवेअरला नुसती अक्षरं. आधी टू_डेट फंक्शननं खरी तारीख करून घ्या, मग टू_इंटरव्हलनं ४५ दिवस मिळवा. टू_डेटमध्ये तारखेचा साचा (dd-MM-yyyy) लिहाल, त्यात महिन्याचे दोन्ही एम कॅपिटलच हवेत; लहान एम म्हणजे मिनिटं! पिकाचं वय काढायचं तर एज फंक्शनमध्ये नंतरची तारीख आधी लिहा, नाहीतर उत्तर उणे येतं. गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) कोणत्या वावरात कधी लावायचे ते यावरच ठरतं, म्हणून दोन-तीन वावरांचा हिशेब आधी कॅलेंडरवर ताडून पाहाच.