मदत हवी आहे: स्कूबाचा पायाभूत कोर्स कसा निवडू?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा. पोहायला अंबाई टँकात शिकलो, त्यामुळे पाण्याची भीती नाही. गेल्या हिवाळ्यात मालवणला ट्राय डाइव्ह केली. हवा भरायचं जॅकेट चढवलं, श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडात दिला आणि प्रशिक्षकानं सिलिंडरला धरून फिरवून आणलं. मासे दिसले, व्हिडिओही मिळाला, पण शिकलो शून्य.

आता ओपन वॉटर, म्हणजे पायाभूत कोर्स, रीतसर करायचंय. १८ मीटरपर्यंत उतरायचं कार्ड मिळेलच हो, मला दोन गोष्टी पक्क्या हव्यात: पाण्यात अधांतरी स्थिर राहणं आणि आपलं सामान आपल्या हातानं जोडून तपासणं. पॅडी की एसएसआय (कार्ड देणाऱ्या संस्था) हा वाद कृपया इथे नको.

तारकर्लीची एमटीडीसीची स्कूबा संस्था आपल्याला जवळची. पण तिकडचं पाणी बरेचदा गढूळ असतं म्हणतात. मग तिथंच शिकावं, की कर्नाटकातलं नेत्राणी बेट किंवा अंदमान गाठावं?

जीयूई या संस्थेच्या फंडामेंटल्स कोर्सबद्दल बरंच वाचलं: आडवं सपाट राहणं, बेडकासारखी बेडूक-किक, जॅकेटऐवजी बॅकप्लेट आणि विंग (पाठीवरची पट्टी आणि तिच्यामागची हवेची पिशवी). पण त्याला आधी प्रमाणित डायव्हर असावं लागतं. मग पहिल्यापासून विंगवरच शिकावं का?

आणि एक खास आपला कोल्हापुरी प्रश्न. डाइव्हनंतर विमानात बसायला एका डाइव्हला किमान १२ आणि अनेक डाइव्हना १८ तास थांबायचं असतं. कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. आपल्याला विमान नाही, पण घाट आहे ना! रविवारी दुपारी डाइव्ह करून रात्री घरी आलं तर चालतं का? सोमवारी ऑफिस आहे.

प्रतिसाद १

घाटाचं आधी. ३०० मीटरच्या वरची जागा डायव्हिंगमध्ये उंचीवरची धरतात. कोल्हापूरच साडेपाचशेच्या आसपास, आंबोली तर त्याहून वर. तेव्हा शेवटची डाइव्ह शनिवारी, रविवारी किल्ला बघा, मासे खा आणि संध्याकाळी निघा. नाहीतर सोमवारची रजा टाका.

जागेपेक्षा प्रशिक्षक बघा. फोनवर विचारा, मास्कमधलं पाणी काढायला तळाला गुडघे टेकवून शिकवता की तरंगत? "टेकवूनच, सोपं पडतं" असं उत्तर आलं तर मी दुसरा नंबर लावेन. एका प्रशिक्षकामागे चारपेक्षा जास्त नवशिके असतील तरीही. कमरेला शिशाचं वजन किती लावायचं हे पाण्यात तपासून ठरवतात की अंदाजे पट्टा बांधतात, हेही विचारा. जादा वजन लावलेला माणूस सपाट राहूच शकत नाही, मग विंग घाला नाहीतर जॅकेट.

सामान प्रत्येक डाइव्हला तुम्हीच जोडा, बोटीवरच्या पोरांना हात लावू देऊ नका. सिलिंडरचा पट्टा ओला करूनच आवळा, कोरडा आवळलेला पाण्यात सैल पडतो. ओ-रिंग (व्हॉल्व्हच्या तोंडाची रबरी कडी) बघा. मग हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर नजर ठेवून दोन-चार श्वास घ्या. काटा हलला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही.

थोडं गढूळ पाणी शिकायला वाईट नाही. पावसाळ्यात मात्र समुद्र बंद. दमा किंवा सायनस असेल तर आधी डॉक्टरांची सही घ्या.

धागाकर्ता

खूप आभार दादा. शनिवारचं पटलं, घरी किल्ल्याचं आमिष दाखवतो. विंगचा नाद सध्या सोडला. मास्क तेवढा स्वतःचा घ्यायचाय. मिशी असली की पाणी आत येतं म्हणतात, त्यावर कोणाकडे काही उपाय आहे का? काढणार नाही, हे आधीच सांगतो.