'त्याने आंबा खाल्ला', मग 'मीने' का नाही? हिंदी भाषकांना 'ने' कसा शिकवावा

कर्वेनगर_वर्ग:
हिंजवडी-बाणेर भागात नोकरी करणाऱ्या हिंदी भाषकांसाठी मराठीचा वर्ग आहे. भूतकाळ सुरू झाला की तीन चुका हमखास येतात.

'मीने पोळी खाल्ली.'
'त्याने मुलीला मारला.'
'त्याने पत्ता विसरला.'

शाळेतले कर्तरी, कर्मणि, भावे हे प्रयोग सांगून पाहिले. लगेच प्रश्न येतो: 'मी पोळी खाल्ली' यात कर्ता प्रथमेत दिसतो, मग हा कर्मणि कसा? आणि 'तू पोळी खाल्लीस' यातला 'स' कुठून आला? वर्गात थोडक्यात मांडता येईल असा नियम हवा आहे. अपवादांमागचं कारण कळलं तर फारच बरं. 'अपवाद पाठ करा' एवढ्यावर मोठ्या माणसांचं समाधान होत नाही.

रूपविचार:
गोंधळ होतो कारण दोन वेगळे प्रश्न एकत्र शिकवले जातात. कर्त्याला 'ने' लागतो का, हा एक. क्रियापद कोणाशी जुळतं, म्हणजे कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं, हा दुसरा. आधी दुसरा घ्या, तो सोपा आहे.

क्रियापद विभक्तिप्रत्यय नसलेल्या नामाशी जुळतं. तसं नाम वाक्यात नसेल तर ते नपुंसकलिंगी एकवचनात राहतं. बस.

'तिने शनिवारवाडा पाहिला, पर्वती पाहिली, पुणं पाहिलं.' 'तिने'ला प्रत्यय आहे, म्हणून क्रियापद कर्माकडे वळतं. 'शिपायाने चोर पकडला' इथे ते चोराशी जुळतं. 'शिपायाने चोराला पकडलं' इथे दोघांनाही प्रत्यय आहे, म्हणून 'पकडलं'. तुमची दुसरी चूक इथली आहे. हिंदीतही नेमका हाच नियम आहे, पण हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे 'उसने लड़की को मारा' असं पुल्लिंगी रूप येतं. विद्यार्थी तेच उचलून 'मारला' म्हणतात. त्यांना एवढंच सांगा: हिंदीचं 'मारा' इथे 'मारलं' होतं.

हाच नियम 'मला आंबा आवडला', 'तिला झोप आली' यांनाही लागतो. त्यासाठी वेगळा धडा नको.

'ला' कधी लावायचा तेही सांगून ठेवा. माणसासाठी वापरलेलं सर्वनाम किंवा माणसाचं नाव कर्म असेल तर 'ला' लावलाच पाहिजे: 'त्याला पकडलं', 'सुमनला बोलावलं'. 'चोर', 'मुलगी' यांसारख्या सजीव नामांना तो लावता येतो, ठरावीक व्यक्ती अभिप्रेत असेल तर लावतातच. निर्जीव कर्माला बहुधा लावत नाहीत.

आता 'ने'. क्रियापद सकर्मक असेल आणि रूप 'ल'चं असेल (केला, दिली, घेतलं) तर कर्त्याला 'ने', अनेकवचनी 'नी'. 'खातो', 'खात होता', 'खाईल' यांना नाही. 'खाल्ला आहे', 'खाल्ला होता', 'खाल्ला असेल' यांना हो. काळाच्या नावावर जाऊ नका. 'खात होता' हाही भूतकाळच, पण तिथे 'ने' नाही. रूपात 'केला', 'दिली' यांतला 'ल' आहे की नाही ते आधी पाहायला लावा; 'खाईल'मधला 'ल' वेगळा, तो धरू नका.

'मी', 'आम्ही', 'तू', 'तुम्ही' यांना 'ने' असतो, पण दिसत नाही. ही शिक्षकाची पळवाट नाही, पडताळून पाहता येतं. 'आम्ही'ला जोडून 'सगळे' आणा:

'आम्ही सगळे गेलो.'
'आम्ही सगळ्यांनी चहा घेतला.'

सर्वनाम दोन्हीकडे तेच, पण दुसऱ्या वाक्यात दडलेली तृतीया, म्हणजे 'ने-नी'ची विभक्ती, 'सगळ्यांनी'मध्ये बाहेर आली. 'आम्ही सगळे चहा घेतला' असं कोणी म्हणत नाही. दुसरी खूण: 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांत बोलणारा पुरुष की स्त्री ते कळतं, पण 'मी आंबा खाल्ला' दोघंही तसंच म्हणतात. क्रियापदाने 'मी'कडे पाहिलेलंच नाही.

जुनी_पोथी:
'दिसत नाही' हे आजच्या प्रमाण मराठीपुरतं खरं आहे. जुन्या मराठीत पहिल्या पुरुषाला 'मियां', 'म्यां' आणि दुसऱ्याला 'त्वां' अशी वेगळी तृतीयेची रूपं होती. 'म्यां केलें' हे आजच्या 'त्याने केलं'च्याच साच्यातलं. पुढे 'म्यां' मागे पडून 'मी'ने ती जागा घेतली, वाक्यरचना मात्र होती तशी राहिली. ग्रामीण बोलींत 'म्या केलं' आजही ऐकू येतं. 'मीने' म्हणणारा विद्यार्थी मराठीच्या साच्याला धरूनच चाललेला असतो, फक्त ते रूप प्रमाण मराठीत नाही.

मूळ साचा संस्कृत भूतकालवाचक धातुसाधिताचा, म्हणजे धातूपासून बनलेल्या विशेषणासारख्या रूपाचा. 'तेन आम्रः खादितः' यात कर्ता तृतीयेत आणि धातुसाधित आंब्याच्या लिंगवचनात. 'सः गतः' यात कर्ता प्रथमेत. पाणिनीने (३.४.७२) गत्यर्थक (जाण्याच्या अर्थाच्या) आणि अकर्मक धातूंचं हे रूप कर्त्यालाही लागतं असं सांगितलं आहे. मराठीने दोन्ही साचे घेतले, 'ल' प्राकृतात येऊन जोडला गेला. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेलं 'चावुण्डराजें करवियलें' पाहा: 'राजें' तृतीया, 'करवियलें' नपुंसकलिंगी 'ल'रूप. मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक, आणि रचना आजचीच.

मग 'त्याने जावं' यात अकर्मक क्रियापदाला 'ने' कसा? कारण 'जावं'मधल्या 'आवे'चा उगम वेगळा, तो संस्कृतातल्या 'तव्य' प्रत्ययामधून आला. 'तेन गन्तव्यम्' यात धातू गत्यर्थक असला तरी कर्ता तृतीयेतच. म्हणून 'तो गेला' पण 'त्याने जावं'. हे दोन धडे एका दिवशी घेऊ नका.

भाषा_चिकित्सा:
वरचं बहुतेक पटतं. एक गोष्ट वर्गात नक्की टाळा: 'कर्मणि म्हणजे इंग्रजीचा पॅसिव्ह'. 'मुलीने आंबा खाल्ला' या वाक्यात मुलगी पूर्ण अर्थाने कर्ता आहे. 'घरी येऊन मुलीने आंबा खाल्ला' म्हटलं की घरी आली ती मुलगीच. 'मुलीने स्वतःचा डबा उघडला' यात 'स्वतःचा' मुलीचाच. कर्त्याला बाजूला सारणारी रचना मराठीत निराळी आहे: 'आंबा खाल्ला गेला'. आजचे भाषाशास्त्रज्ञ 'त्याने खाल्ला'ला एर्गेटिव्ह रचना म्हणतात. सकर्मकाचा कर्ता वेगळा ओळखू येतो, अकर्मकाचा कर्ता आणि सकर्मकाचं कर्म एकाच पद्धतीने क्रियापदाला जुळतात.

आता 'स'. 'खाल्लीस' यात दोन जोडण्या आहेत. 'ई' पोळीची, 'स' तुझा. पदार्थ बदला: 'आंबा खाल्लास, आंबे खाल्लेस, पोळ्या खाल्ल्यास'. 'स' हलत नाही, त्याच्या आधीचा स्वर हलतो. 'तुम्ही'ला 'त': 'खाल्लात, खाल्लीत'. शालेय व्याकरण याला कर्तृ-कर्मसंकर म्हणतं आणि ते नाव अगदी चपखल आहे. पुण्यात बोलताना 'तू काय केलं?' असं 'स'विना सर्रास कानावर येतं. ते समजायला शिकवा, लिहायला 'केलंस' शिकवा. कोकणात उलट तिसऱ्या पुरुषालाही खूण लागते: 'त्याने सांगितलंन्'.

कर्वेनगर_वर्ग:
'सगळ्यांनी'ची चाचणी उद्याच वापरणार. पण तिसरी चूक राहिली. 'विसरणे' सकर्मक आहे, मग 'तो पत्ता विसरला' का? आणि 'त्याने पाणी प्यायलं' चुकीचं धरायचं का?

रूपविचार:
हा गट छोटा आहे, एका फळ्यावर मावतो: शिकणे, विसरणे, म्हणणे, बोलणे, नेसणे, चुकणे, हरणे, पिणे. 'ती धडा शिकली', 'ती साडी नेसली', 'तो रस्ता चुकला', 'तो सामना हरला'. यातल्या बहुतेकांत क्रियेचा परिणाम करणाऱ्यावरच होतो. शिकल्याने धड्याचं काही होत नाही, शिकणारा बदलतो. प्रयोजक (दुसऱ्याकडून करवून घेण्याचं रूप) केलं की परिणाम दुसऱ्यावर जातो आणि 'ने' परत येतो: 'तिने धडा शिकवला', 'आजीने तिला साडी नेसवली', 'आईने बाळाला दूध पाजलं'. या जोड्या लावून शिकवा, यादी आपोआप पक्की होते. 'म्हणणे'ची दोन रूपं वेगळी ठेवा: 'तो म्हणाला' पण 'त्याने म्हटलं'.

हिंदीवर विसंबू नका. हिंदीत 'लाना'ला 'ने' नाही, मराठीत 'त्याने भाजी आणली'.

जुनी_पोथी:
'पिणे'बद्दल: 'तो पाणी प्यायला' आणि 'त्याने पाणी प्यायलं' दोन्ही चालतात, चूक धरू नका. संस्कृतातही 'पीता गावः' म्हणजे पाणी प्यायलेल्या गाई, असा कर्त्याला लागणारा प्रयोग आहे. 'जिंकणे'ही असंच दोन्हीकडे झुकतं: 'तो सामना जिंकला', 'त्याने सामना जिंकला'.

भाषा_चिकित्सा:
सरावासाठी तीन लिंगांचे तीन पदार्थ पुरतात: आंबा, पोळी, केळं. एकवचन आणि अनेकवचन मिळून सहा रूपं: खाल्ला, खाल्ली, खाल्लं, खाल्ले, खाल्ल्या, खाल्ली. शेवटचं 'केळी खाल्ली' मुद्दाम थांबून सांगा, कारण ते स्त्रीलिंगी एकवचनासारखंच दिसतं. 'आंबा आणि पोळी खाल्ली' यात क्रियापद जवळच्या नामाशी जुळतं, तेही तेव्हाच उरका. क्रियापदं आधी घेणे, सांगणे, मागणे, बघणे, धुणे अशी निवडू नका. त्यांत 'ल'च्या आधी 'त' घुसतो (घेतला, सांगितला, धुतला) आणि विद्यार्थ्याचं लक्ष जुळणीवरून उडतं. करणे, वाचणे, लिहिणे, आणणे यांवर जुळणी बसली की मग ती घ्या.