मंकी आयलंडला मराठी मानवंदना: इंजिन, देवनागरी आणि कॉपीराइटबद्दल मदत हवी आहे

पिक्सेलवेडी:

नमस्कार मंडळी,

या विषयावर आधीच धागा असेल तर दुवा द्या, हा उडवायला सांगते.

मी आणि माझा मावसभाऊ (दादा) मिळून एक छोटा पॉइंट-अँड-क्लिक, म्हणजे पडद्यावर क्लिक करत कोडी सोडवायचा, खेळ करतोय. ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (१९९०) आणि त्याचा दुसरा भाग (१९९१) हे चाच्यांचे जुने खेळ म्हणजे आमची दोघांची दैवतं. दादाकडे पहिल्या भागाचं चाच्यांच्या चेहऱ्यांचं ते कोडचक्र (नक्कल रोखायला खोक्यात दिलेलं) अजून आहे, अर्थात झेरॉक्स. (तेव्हा मूळ खोका कुणाकडे होता, हे विचारू नये.) खेळ मराठीत असेल, फुकट वाटू, पैसे कमवायचे नाहीत.

गोष्ट कोकणातल्या एका काल्पनिक बंदरावर घडते. नायिकेला तांडेल व्हायचंय आणि तिला कुणी होडीवर चढू देत नाही. मूळ खेळात तलवारबाजी जिंकायला हात नाही, जीभ चालवावी लागते. समोरच्याच्या टोमण्याला नेमकं उत्तर दिलं की तो मागे हटतो. आमच्याकडे तलवारींऐवजी मासळीबाजार आहे. मूळची खरी गंमत मात्र पुढे आहे: वाटेतल्या चाच्यांकडून शिकलेली तीच उत्तरं शेवटी तलवारगुरूच्या वेगळ्या टोमण्यांना लागू करायची असतात. म्हणजे प्रत्येक उत्तर दोन ठिकाणी बसलं पाहिजे. नमुना देते.

‘माझ्या घरचं शिळं पापलेटसुद्धा तुझ्या टोपलीतल्यापेक्षा ताजं असतं!’
‘असणारच! उधारीवर माझ्याकडूनच तर नेतेस.’

आणि बाजाराची राणी म्हणते, ‘माझा मोडका तराजूसुद्धा तुझ्या जिभेपेक्षा सरळ असतो!’ त्यालाही तेच उत्तर. अशा जोड्या लिहिताना घाम फुटतो, पण ते आमचं आम्ही बघू. अडलंय ते दुसरीकडे.

पहिला प्रश्न देवनागरीचा. अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ, म्हणजे एजीएस, हे असे खेळ बनवायचं मोफत साधन वापरतोय. ३.६ आवृत्तीपासून त्यात युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कोड देणारी पद्धत) आहे म्हणून निर्धास्त होतो. दे, उचल, वापर, उघड, बघ, ढकल, बंद कर, बोल, ओढ ही क्लिक करायची नऊ क्रियापदं पडद्यावर झकास दिसली. संवाद घातले आणि गोंधळ झाला. ‘किल्ली’मधली पहिली वेलांटी क नंतर उमटते आणि ल्ल जोडला न जाता पाय मोडलेला ल सुटा दिसतो. फाँट बदलून पाहिले, फरक नाही.

दुसरा प्रश्न भांडणाचा. दादाचं म्हणणं, मानवंदना आहे तर मूळचा नायक गायब्रश थ्रीपवुड एका दृश्यात तरी आलाच पाहिजे, आणि सुरुवातीला मूळची धून हवी. मला धास्ती वाटते. फुकट खेळाला खरंच कुणी नोटीस पाठवतं का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरपा_कर्सर:

फाँटचा दोष नाही. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात: आधी क, मग वेलांटी. वेलांटी उचलून पुढे आणणं, जोडाक्षर घडवणं, रफार डोक्यावर चढवणं हे काम फाँट आणि शेपिंग करणारी लायब्ररी मिळून करतात. ब्राउझरमध्ये ते हार्फबझसारखी लायब्ररी करते. एजीएस मात्र एकेक कोड घेतं आणि ओळीने मांडतं. तुमच्या नऊ क्रियापदांत नेमकी एकही पहिली वेलांटी नाही की जोडाक्षर नाही, म्हणून फसगत झाली.

सरळ मार्ग म्हणजे गोडो ४ हे खेळ बनवायचं मोफत इंजिन. २०२३ साली आलेल्या या आवृत्तीत शेपिंग आतच आहे, देवनागरी नीट उमटते. त्यावर पोपोचिऊ नावाचं मोफत अ‍ॅडऑन आहे, खास पॉइंट-अँड-क्लिक खेळांसाठी. त्यात नऊ क्रियापदांची लुकासआर्ट्स (मंकी आयलंडवाली लुकासफिल्मची कंपनी) छापाची पाटी तयार मिळते.

एजीएस सोडायचं नसेल तर आपल्या डीटीपीवाल्यांची जुनी युक्ती आहे. युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये वेलांटी, अर्धा ल, रफार हे सगळे सुटे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असायचे आणि दिसतील त्या क्रमाने टाइप व्हायचे. अशा मजकुराला शेपिंग लागतच नाही. पण ते फाँट बहुतेक विकतचे, खेळासोबत वाटता येणार नाहीत. त्यापेक्षा मुक्त परवान्याचा देवनागरी फाँट घ्या, फाँटफोर्ज या फाँट बदलायच्या प्रोग्रॅममध्ये उघडा, लागणारी जोडाक्षरं युनिकोडच्या खासगी वापराच्या कोडांवर बसवा आणि संवाद त्या कोडांत बदलणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं.

खेळ ३२० बाय २०० वर आहे का? असेल तर अक्षरांचे हाल होतील. इंग्रजी अक्षर आठ पिक्सेलांत मावतं. आपल्याला शिरोरेघ, तिच्या वर मात्रा आणि खाली उकार लागतो. चित्रं जुन्याच मापात काढून दुप्पट करा, अक्षरं ६४० बाय ४०० वर ठेवा.

जुनी_फ्लॉपी:

ताई, दुसऱ्या प्रश्नाला उत्तर: हो, पाठवतात. सगळ्यांना नाही, पण कधी पाठवतील ते आपल्या हातात नसतं.

सिएरा कंपनीच्या ‘किंग्ज क्वेस्ट’ या जुन्या खेळमालिकेच्या चाहत्यांचं उदाहरण घ्या. ‘द सिल्व्हर लायनिंग’ हा त्यांनी केलेला पुढचा भाग, पूर्ण फुकट. सिएरा तोवर विवेंडीच्या ताब्यात गेली होती आणि २००५ मध्ये विवेंडीने काम थांबवा म्हणून पत्र धाडलं. चाहत्यांनी आवाज उठवला, कंपनी नरमली, नावातून किंग्ज क्वेस्ट काढायच्या अटीवर परवानगी मिळाली. मग हक्क अ‍ॅक्टिव्हिजनकडे गेले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये पुन्हा बंदी आली. पुन्हा मोहीम, पुन्हा माघार, आणि जुलै २०१० मध्ये पहिला भाग निघाला. खेळ तोच आणि माणसंही तीच. बदलला तो फक्त हक्कांचा मालक, आणि मिळालेली परवानगी नव्या मालकाने पाळली नाही. मंकी आयलंडही २०१२ मध्ये लुकासफिल्मसोबत डिस्नीकडे गेलं. तुम्हाला आज कुणी गोड बोलून हो म्हटलं तरी उद्याचा भरवसा नाही.

दुसऱ्या टोकाला एजीडी इंटरअ‍ॅक्टिव्ह. ही मंडळी आधी टिएरा नावाने काम करायची. त्यांनी किंग्ज क्वेस्टचा पहिला भाग २००१ मध्ये नव्या चित्रांसह एजीएसमध्ये करून फुकट दिला, दुसरा २००२ मध्ये, आणि सिएराचाच ‘क्वेस्ट फॉर ग्लोरी २’ २००८ मध्ये. त्यांना विवेंडीकडून परवानगी मिळाली होती. पण विकायचा खेळ करायची वेळ आली तेव्हा त्यांनीही स्वतःची पात्रं घडवली.

त्यामुळे माझं मत तुमच्या बाजूने. फुकट वाटलं म्हणून कॉपीराइट सुटत नाही. पात्राचं नाव, चित्र आणि धून ही मालकीची असतात. नऊ क्रियापदांची पाटी, मरण नसलेली कोडी, टोमण्यांची लढत, हा ढंग आहे, आणि ढंगाने खेळ केले म्हणून कुणी कोर्टात खेचल्याचं ऐकिवात नाही. मंकी आयलंडचा कर्ता खुद्द रॉन गिल्बर्टने २०१७ मध्ये ‘थिंबलवीड पार्क’ केला तेव्हा जुनी पाटी होती, पात्रं नवी होती. तुमच्या दादांना सांगा, मासळीबाजार हीच मानवंदना आहे. गायब्रश आला तर लोक त्यालाच बघत बसतील.

मधली_सुट्टी:

एवढं घाबरायचं कारण नाही हो. जर्मनीत ‘मॅनियाक मॅन्शन मॅनिया’ नावाचा प्रकार २००४ पासून चालू आहे. मूळ १९८७ च्या ‘मॅनियाक मॅन्शन’ खेळातली पात्रं आणि तोच बंगला घेऊन वेगवेगळ्या लोकांनी शंभरावर छोटे भाग केलेत. चित्रांसकट तयार साचा मिळतो, नवशिक्याने डाउनलोड करायचं आणि आपली गोष्ट घालायची. जर्मनांना या खेळांचं वेड भयंकर. ‘ब्रोकन स्वॉर्ड’ मालिकेवरचा ‘ब्रोकन स्वॉर्ड २.५’ (२००८) हाही तिथल्याच चाहत्यांचा, संवाद ध्वनिमुद्रित करून केलेला. आज तो स्कमव्हीएम या जुने खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्येसुद्धा चालतो.

मी म्हणतो गायब्रश येऊ दे, पण नाव न घेता. मागच्या बाकावर पिवळ्या केसांचा एक परदेशी पोरगा कोंबडीच्या आकाराची कप्पी हातात घेऊन बसलेला. कळायचं त्याला कळेल. (कृ.ह.घ्या.)

जुनी_फ्लॉपी:

मॅनियाचं खरं आहे, पण कुणी विचारत नाही म्हणजे चालतं असं नव्हे. तरी कप्पी आवडली. रबरी कोंबडीला मध्ये कप्पी लावण्याची कल्पना मूळची असली तरी नुसता दोरीला टांगलेला कोंबडा कुणाच्या बापाचा नाही. चित्र मात्र स्वतः काढा, मूळचा स्प्राइट (खेळातलं तयार चित्र) उचलू नका. आणि धून नकोच. संगीतकार मायकल लँडची ती चाल दोन सुरांत ओळखू येते, व्हिडिओ चढवलात की आपोआप दावा लागू शकतो.

रात्रपाळी:

वेगळं सुचवतो. नवीन खेळाऐवजी मूळ खेळाचंच मराठीकरण का नाही? स्कमट्र नावाचं साधन स्कम इंजिनाच्या (मंकी आयलंड त्यावरच आहे) खेळातला मजकूर बाहेर काढतं आणि बदललेला परत आत घालतं. अनेक भाषांतल्या चाहत्यांनी अशी भाषांतरं केलीत. वाटायचं फक्त बदलाचं पॅच, मूळ खेळ ज्याचा त्याने विकत घ्यायचा.

तिरपा_कर्सर:

@रात्रपाळी, तिथे फाँटची अडचण दुप्पट होईल. जुन्या स्कमचा फाँट चित्रांचा असतो, जागा मोजक्या, आणि १९९० चा पडदा. शिवाय यांची उधारीची जोडी वाचून मला भाषांतरापेक्षा यांचाच खेळ हवाय.

पिक्सेलवेडी:

सगळ्यांचे आभार. दादाला सिल्व्हर लायनिंगची कथा ऐकवली; धून सोडली, गायब्रशसाठी अजून कुरकुर चालू आहे. कप्पीवर तडजोड होईलसं दिसतंय.

@तिरपा_कर्सर, गोडोकडे वळायचं ठरतंय. पण एजीएसमध्ये दोन खोल्या आणि बाजाराचं अर्धं दृश्य तयार आहे. त्यातलं काय वाचेल? आणि पात्र लांब गेलं की लहान होतं, ते पोपोचिऊमध्ये जमतं का?

तिरपा_कर्सर:

चित्रं, पात्रांच्या चौकटी, आवाज हे सगळं जसंच्या तसं वापरता येईल. चालण्याच्या जागा आणि क्लिक करायच्या जागा नव्याने आखाव्या लागतील. स्क्रिप्ट हाताने परत लिहायची, पण दोन खोल्यांची म्हणजे फार नाही. लहान-मोठं होण्याची सोय आहे. आधी एकच खोली हलवा आणि त्यात तुमचा सगळ्यात अवघड संवाद टाका, ज्यात रफार, पहिली वेलांटी, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’ आणि ‘ऱ्या’ असं सगळं आहे. ‘होडीतल्या कोऱ्या शिडावर ज्ञातीचं पूर्ण नाव लिहिणाऱ्या मित्राला लक्षात ठेव’ असलं काहीतरी. ते नीट उमटलं की बाकीचं हलवा.

आणि राणीचे टोमणे कमी पडले तर इथेच टाका. या धाग्यावर भांडखोरांची कमी नाही.

मधली_सुट्टी:

‘तुझं बोंबील माझ्या जावयापेक्षा सुकं आहे!’ हे घ्या एक. उत्तर तुम्ही शोधा, आणि ते राणीलाही लागू पडलं पाहिजे.