डेटाबेस सर्व्हरवर नजर ठेवायला काय वापरता? (सीपीयू १२ टक्के आणि बिलं बंद!)

एकटाच_डीबीए, नारायण पेठ

मंडळी, नमस्कार. आमची पाच जणांची कंपनी. पुस्तकं-वह्यांच्या दुकानांना बिलिंग सॉफ्टवेअर देतो. ३४ दुकानं, त्यातली निम्मी अप्पा बळवंत चौकाच्या आसपास. डेटाबेस पोस्टग्रेस १५, एक मुख्य सर्व्हर (४ कोअर, १६ जीबी) आणि एक रेप्लिका (त्याची सतत ताजी राहणारी प्रत). डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) असा कोणी नाही. मी प्रोग्रॅमर, पण पासवर्ड माझ्याकडे म्हणून डीबीएही मीच.

वर्षभर सगळं सुरळीत असतं, आमची परीक्षा जूनमध्ये. शाळा उघडायच्या आधीचे आठ-दहा दिवस चौकात पाय ठेवायला जागा नसते. गेल्या जूनमध्ये एका सोमवारी अकरा वीसला एका दुकानातून फोन आला, "अहो, बिल निघेना. गिऱ्हाईक पार फुटपाथवर उभंय." मी होस्टिंगवाल्याचा ग्राफ उघडला. सीपीयू १२ टक्के, मेमरी नेहमीइतकी, डिस्क निम्मी रिकामी. सर्व्हर ठणठणीत! मी त्यांना ठसक्यात सांगितलं, "तुमचं इंटरनेट बघा." (हे आठवलं की अजून कान गरम होतात.) तेवढ्यात दुसरा फोन, मग तिसरा.

लॉगिन करायला गेलो तर 'रिमेनिंग कनेक्शन स्लॉट्स आर रिझर्व्ह्ड फॉर नॉन-रेप्लिकेशन सुपरयूझर कनेक्शन्स'. कनेक्शनची मर्यादा मुळात १०० असते, ती आम्ही कधी बदललीच नव्हती. त्यातली तीन सुपरयूझरसाठी (सगळे अधिकार असलेल्या यूझरसाठी) राखीव, म्हणून कसाबसा आत शिरलो. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (कोण काय करतंय त्याची यादी) पाहिलं तर सगळी सेशन लॉकसाठी, म्हणजे दुसऱ्याने धरून ठेवलेल्या ओळी सुटायची वाट बघत, ताटकळलेली, आणि मुळाशी एकच: 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतं बसलेलं, ४७ मिनिटं. आमच्याच सहकाऱ्याचं. बिल क्रमांकाच्या टेबलात सगळ्या दुकानांच्या ओळींवर त्याने एक अपडेट मारला आणि कमिट न करताच (म्हणजे बदल पक्का न करताच) मिसळ खायला गेला. प्रत्येक नव्या बिलाला त्या टेबलातली आपापली ओळ लागते. बिल निघेना म्हणून काउंटरवरची पोरं बटण दाबत राहिली, दर वेळी नवं कनेक्शन. ते सेशन मारलं आणि दोन सेकंदांत बिलं धडाधड बाहेर.

आता पुन्हा जून तोंडावर आलाय. झॅबिक्स, प्रोमीथियस-ग्राफाना, पर्कोनाचं पीएमएम अशी नजर ठेवणाऱ्या साधनांची नावं वाचून डोकं भणभणलंय. डॉलरमध्ये दर सर्व्हरमागे पैसे घेणाऱ्या सेवाही पाहिल्या, पण साहेबांची मजल महिन्याला दोन हजारांपर्यंत. शिवाय क्वेऱ्यांसोबत (डेटाबेसला दिलेल्या हुकुमांसोबत) दुकानदारांची नावं-नंबर बाहेर जाणं मला पटत नाही. सांभाळणारा मी एकटा. काय लावू?

भोसरीकर

आमच्याकडे कारखान्यात मायएसक्यूएल आहे, झॅबिक्सवर चार वर्षं. पोस्टग्रेससाठीही त्यात तयार टेम्प्लेट मिळतं, एजंट २ (सर्व्हरवर बसून आकडे पाठवणारा त्याचा प्रोग्रॅम) टाकला की तासाभरात आकडे यायला लागतात. डेटाबेसबरोबर स्विच, यूपीएस, प्रिंटर सर्व्हर असं सगळं एकाच ठिकाणी बघायचं असेल तर झॅबिक्सच. फक्त डेटाबेसच असेल तर तुम्हाला ते जड वाटेल. त्याचा इतिहासही स्वतःच्या डेटाबेसात साठतो, म्हणजे सांभाळायला आणखी एक डेटाबेस!

काहीही लावा, पण त्याच सर्व्हरवर लावू नका. आम्ही सुरुवातीला काटकसर म्हणून तिथेच बसवलं होतं. सर्व्हर बसला तेव्हा पहारेकरीही त्याच्यासोबत झोपला.

आणि अलर्ट कमी ठेवा. पहिल्या महिन्यात आमच्या ग्रुपवर दिवसाला चाळीसेक यायचे. सीपीयू ८० च्या वर गेला, खाली आला, परत वर गेला. सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला. मग एका बुधवारी रात्री डिस्क भरली, तो अलर्टही त्याच म्यूट ग्रुपवर गेला. दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे एमआयडीसीची सुट्टी, म्हणून निभावलं.

कमिट_कर_रे

साधन नंतर. आधी हे सांगा, आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट किती ठेवलाय? शून्य असणार, मुळात तो शून्यच असतो, म्हणजे बंद. पाच मिनिटं करा, रीलोड पुरतो. मिसळ कितीही लांबली तरी सेशन पाचव्या मिनिटाला तुटेल. ही सोय ९.६ पासून म्हणजे २०१६ पासून आहे हो.

मग लॉग_लॉक_वेट्स चालू करा, तुमच्या १५ मध्ये ते बंद असतं. एक सेकंदापेक्षा जास्त कोणी लॉकसाठी थांबलं की लॉगमध्ये ओळ पडते. लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट ५०० मिलिसेकंदांवर ठेवा, म्हणजे त्याहून संथ क्वेऱ्याही लॉगमध्ये येतील. रोज रात्री त्या लॉगवर पीजीबॅजर चालवा. फुकट आहे, सर्व्हर लागत नाही, एक एचटीएमएल फाइल बनते. कुठली क्वेरी किती वेळा, किती वेळ, कुठल्या तासाला, सगळं त्यात. सकाळच्या चहाबरोबर बघा.

पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्सही (प्रत्येक क्वेरीचा हिशेब ठेवणारं एक्स्टेंशन) टाका, पण त्याला रीस्टार्ट लागतो, तेव्हा मेमध्येच उरका. आणि १०० कनेक्शनचे ५०० करायचा मोह होईल, तो आवरा. मध्ये पीजीबाउन्सर (थोडकीच कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारा) बसवा.

हिंजवडी_फेज_३

वरच्यांचं बरोबर आहे, पण पीजीबॅजर काल काय झालं ते सांगतो. अकरा वीसला काय चाललंय ते कळायला प्रोमीथियस हवा. दोन जीबीची वेगळी छोटी मशीन घ्या, तुमच्या बजेटात बसेल. त्यावर प्रोमीथियस (आकडे साठवायला) आणि ग्राफाना (ते ग्राफमध्ये दाखवायला), डेटाबेसवर आकडे पुरवणारे दोन छोटे प्रोग्रॅम: पोस्टग्रेस_एक्स्पोर्टर (पोर्ट ९१८७) आणि नोड_एक्स्पोर्टर (९१००). एक्स्पोर्टरला सुपरयूझर देऊ नका, पीजी_मॉनिटर हा रोल त्यासाठीच आहे.

पण यात एक मेख आहे. सुपरयूझर नाही म्हणजे राखीव तीन जागाही त्याला नाहीत. त्या सोमवारी एक्स्पोर्टरचं कनेक्शन तुटलं असतं तर त्यालाही दारातूनच परत पाठवलं असतं. पोस्टग्रेस १६ पासून अशा यूझरसाठी वेगळ्या जागा राखता येतात, तुम्ही १५ वर आहात. म्हणून 'पीजी_अप शून्य झालं' (एक्स्पोर्टरला डेटाबेस लागेना) हा अलर्ट हवाच, आणि कनेक्शन ८० झाली की दुसरा.

प्रोमीथियस मुळात १५ दिवसांचाच डेटा ठेवतो. तुमचा धंदा जून ते जून. ४०० दिवस करा, नाहीतर गेल्या हंगामाशी तुलना करायला काहीच उरणार नाही.

पीएमएम छान आहे, क्वेऱ्यांचं विश्लेषण तर देखणंच, पण ते स्वतःच बरीच मेमरी खातं. मायएसक्यूएलची पाच-सहा मशीन असती तर तेच सुचवलं असतं.

आणि रेप्लिका आहे म्हणालात. रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिका कुठवर पोचली त्याची मुख्य सर्व्हरवरची नोंद) वापरता? पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स उघडा आणि ॲक्टिव्ह 'फॉल्स' असलेली ओळ आहे का बघा. आत्ता.

एकटाच_डीबीए

बघितलं. आहे.

जानेवारीत जुनी रेप्लिका काढून नवी उभी केली होती. जुनी मशीन पुसली, तिचा स्लॉट तसाच राहिला. ती परत येईल या आशेवर बिचारा डेटाबेस तेव्हापासून सगळ्या वॉल फाइली (प्रत्येक बदलाची नोंद) जपून ठेवतोय. ६१ जीबी! होस्टिंगच्या ग्राफमध्ये डिस्कची रेघ हळूहळू चढत होती, मी म्हणत होतो धंदा वाढतोय. स्लॉट काढला, पुढच्या चेकपॉइंटला फाइली गेल्या.

कमिट_कर_रे

मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ लावा, १३ पासून आहे. मुळात उणे एक, म्हणजे अमर्याद. २० जीबी ठेवलंत की त्यापुढे मागे पडलेला स्लॉट बाद होईल. रेप्लिका पुन्हा उभारावी लागेल, पण मुख्य सर्व्हर वाचेल.

एकटाच_डीबीए

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितोय, कोणाला उपयोग झाला तर. टाइमआउट पाच मिनिटं, लॉक आणि संथ क्वेऱ्यांचे लॉग चालू, पीजीबॅजर रोज पहाटे. पहिल्याच अहवालात कळलं की सगळ्यात जास्त वेळ खाणारी क्वेरी बिलाची नव्हतीच. स्टॉकचा रिपोर्ट होता, इयत्ता आणि माध्यम यावर शोधणारा, इंडेक्सशिवाय. इंडेक्स टाकल्यावर ४ सेकंदांवरून ३० मिलिसेकंदांवर आला. साहेब खूश, त्यांना वाटतंय मी नवीन सर्व्हर घेतला.

प्रोमीथियस वेगळ्या मशीनवर, ४०० दिवस. अलर्ट पाचच: पीजी_अप, कनेक्शन ८०, डिस्क ७५ टक्के, रेप्लिका मागे पडणं, आणि दोन मिनिटांहून जुनं उघडं ट्रान्झॅक्शन. टेलिग्रामवर येतात, मला आणि त्या सहकाऱ्याला. शेवटचा अलर्ट परवा दुपारी पहिल्यांदा वाजला. मी लगेच त्याच्याकडे मान वळवली. तो स्क्रीनवर यूझरचं नाव वाचत होता. माझं होतं.

भोसरीकर

😄 मिसळ कुठली होती तेवढं सांगा.