सिगारेट सोडली आणि हिरड्यांतून रक्त: तुमचा काय अनुभव?

सिगारेट सोडून आज 23 दिवस. दिवसाला दहा-बारा ओढायचो तेव्हा रक्ताचा थेंब नव्हता, आता ब्रश लावला की फेस गुलाबी. गार पाण्याने खालच्या दातांतून सणक जाते ती थेट कानापर्यंत. घरी बोललो नाहीये, कारण मनात लबाड विचार येतो की एक ओढली तर थांबेल का? यातून गेलेल्यांनी लिहा. सोडून परत लागलेल्यांनीही लिहा, लाजू नका.

*

थांबेलही. तीच तर गोम आहे. निकोटिनने हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आत दुखणं असलं तरी रक्त फारसं दिसत नाही. सोडल्यावर रक्तपुरवठा सुधारतो आणि दबलेलं सगळं वर येतं.

माझ्या डेंटिस्टबाईंनी खुणांची बारीक सळई घालून दात आणि हिरडीमधली फट किती खोल आहे ते मोजलं. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक असतं. माझ्या दाढांना 5, 6, परत 5. त्या मोठ्याने आकडे सांगतायत, मदतनीस लिहून घेतेय आणि मी खुर्चीत आडवा, निकाल ऐकत. हिरडीच्या खालपर्यंत कीटण काढलं, दोन बैठका लागल्या. महिन्याभरात रक्त जवळजवळ बंद झालं. शिवशिव मात्र वाढली! सूज उतरली तशी हिरडी खाली बसली आणि दातांची मुळं उघडी पडली. मी बाईंवरच चिडलो होतो. पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट दिली, तिला गुण यायला तीन-चार आठवडे गेले. मी आठव्या दिवशीच फेकायला निघालो होतो.

*

मला रक्त नाही, तोंड आलं. पहिल्याच आठवड्यात जिभेखाली तीन फोड. सोडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना येतात म्हणे. दोन आठवड्यांत गेले.

*

मी सातव्या आठवड्यात परत ओढली. रक्त थांबलं, मी खूश. दीड वर्षाने खालचा दात हलायला लागला, तो काढावा लागला. आता दुसऱ्यांदा सोडून पाच महिने झालेत.

*

निकोटिनचं च्युइंगम घेणाऱ्यांसाठी: ते साध्या च्युइंगमसारखं सतत चावायचं नसतं, हे मला जबडा आखडल्यावर कळलं. चव झोंबली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचं, चव गेली की परत चावायचं. जागा बदलत राहा, नाहीतर एकाच ठिकाणी चुरचुरतं. आणि माझ्यासारखं डाग घालवायला कडक ब्रशने रगडू नका. डाग राहिले, दात झिजले.

*

धागा काढणारा परत आलोय. ओढली नाही. गुरुवारची वेळ मिळाली आहे, सळईचे आकडे कळवतो. बायकोला शेवटी सांगितलं. म्हणाली, "बेसिन रोज मीच धुते."