दारात पद्मिनी आणि सेडान दोन्ही, चांगली कुठली?

होटगीरोडकर: वडिलांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी अजून चालू आहे. शेजारी माझी दोन वर्षांची सेडान. परवा तुळजापूरला निघालो तर सेडानला पिवळा दिवा. म्हणे सेन्सर! तीन दिवस वर्कशॉपात, बिल साडेनऊ हजार. पद्मिनीचे पॉइंट, म्हणजे ठिणगी पाडायला उघडझाप करणारे संपर्क, मी पॉलिश पेपरनं घासतो, झालं. 1089 सीसीचं इंजिन, बॉनेट उघडलं की सगळीकडे हात पोचतो. गाडी म्हणावी तर तीच. त्यात प्रीमियर काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, जन्म 1882, इथलाच.

सातरस्ता: अभिमान ठेवा की, पण पोरंबाळं घेऊन पुणे हायवेला पद्मिनी काढाल? चारी चाकांना ड्रम ब्रेक, जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही, एअरबॅग नाही. मागच्या हंगामात टेंभुर्णीच्या अलीकडं रात्री माझ्या एबीएसवाल्या गाडीला उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. दोन ट्रॉल्या, मागं लाइट नाही. ब्रेक पूर्ण दाबला, पायाखाली पेडल टरटर करत होतं, तरी स्टिअरिंग वळवलं तशी गाडी वळली. एबीएस नसतं तर चाकं लॉक होऊन सरळ ट्रॉलीखाली गेली असती. आणि 'जुना पत्रा जाड' हे ऐकून कान किटले. पुढचा भाग चुरगळला नाही तर धक्का आतल्या माणसाला बसतो. 2024 च्या डिझायरला टक्कर-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपचे मोठ्यांच्या सुरक्षेसाठी 5 तारे आहेत. पद्मिनीची टक्कर घेऊन बघायची कुणाची छाती आहे?

पान्हा_बारा: मालक, गॅरेज आहे माझं, दोन्ही खोलतो. कार्बोरेटरवाल्या गाड्या मे महिन्यात विसरलात काय? ऊन 44 वर गेलं की पंपातच पेट्रोलची वाफ, गाडी रस्त्यात गप्प. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि सावली शोधायची. आता पॉइंटचा गॅप लावणारा मिस्त्रीही मिळत नाही, माझी पोरं आधी गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर मागतात. तुमच्या सेडानचा कोड वाचला होता का, का सरळ पार्टच बदलला? कितीदा तरी नुसता कनेक्टर साफ केला की दिवा विझतो. उंदरानं वायरही कुरतडलेली असते.

होटगीरोडकर: कोड नाही विचारला, चुकलंच. ट्रॅक्टरचंही पटलं, हायवेला सेडानच. पण गिअर स्टिअरिंगला, त्यामुळं पुढं सलग सीट. तिघं बसायचो, मी मधे.

सातरस्ता: आणि ब्रेक लागला की मधला कुठं जायचा?

होटगीरोडकर: वडिलांचा डावा हात आडवा यायचा.