स्वस्तातल्या गेम कीज घ्याव्यात का? माझं मत: विकणारा कोण ते कळत नसेल तर अजिबात नाही

खेळगडी:
सेल आला की कुणीतरी विचारतंच, अमुक साईटवर हाच गेम अर्ध्या किमतीत दिसतोय, घेऊ का? मी आधी एकच बघायला सांगतो, तो कोड (म्हणजे की, जी खात्यात टाकली की गेम आपल्या लायब्ररीत येतो) तिथे आला कुठून. स्टीम, गॉग, एपिक ही कॉम्प्युटर गेमची सरळ ऑनलाईन दुकानं आहेत. हंबल, ग्रीन मॅन गेमिंग यांना कंपनीकडूनच कीज मिळतात, तिथेही बिनधास्त घ्या. पण जीटूए, किंगुइन असल्या ठिकाणी साईट फक्त बाजार भरवते, कोड विकायला ठेवणारा कुणीही असू शकतो. चोरलेल्या कार्डावर कीज घ्यायच्या आणि तिथे विकून मोकळं व्हायचं, हा जुना धंदा आहे. कार्डाचा खरा मालक तक्रार करतो, बँक पैसे परत खेचते आणि गेम बनवणाऱ्याच्या हातून विक्री तर जातेच, वर त्या पैसे परत खेचण्याची, म्हणजे चार्जबॅकची फी त्यालाच भरावी लागते. जानेवारी २०१५ मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीने आपल्या फार क्राय ४ गेमच्या अशाच कीज रद्द केल्या होत्या आणि पैसे मोजलेल्या लोकांच्या लायब्ररीतून गेम गायब झाला होता.

काटकसर:
फार क्रायची अर्धीच गोष्ट सांगितलीत. ज्यांनी गेम आधीच सुरू केला होता त्यांना युबिसॉफ्टने तो परत दिला, हेही सांगा की. आणि अधिकृत दुकानातून घेतलं की गेम कायमचा आपला झाला असं थोडीच आहे? युबिसॉफ्टचाच द क्रू घ्या, लोकांनी पूर्ण किंमत मोजून घेतलेला गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि नंतर लायसन्सही काढून घेतलं. इतकं सगळं होत असताना ज्याच्याकडे मोजके पैसे आहेत त्यानेच तेवढं तत्त्व पाळायचं हे मला पटत नाही. मी नवीन गेम जीटूएसारख्या ठिकाणी घेत नाही, जुने घेतो, विकणाऱ्याचं रेटिंग बघतो, कोड आला की लगेच खात्यात टाकून रिडीम करतो. शिवाय तिथले सगळे कोड चोरीचे नसतात, कितीतरी लोकांकडे बंडलमधले (एकत्र गठ्ठ्याने घेतलेले) गेम उरलेले असतात, तेच ते विकतात.

सेव्हपॉईंट:
@काटकसर, रेटिंगवर एवढा विश्वास ठेवू नका हो. रेटिंग लोक कधी देतात? कोड चालला की त्याच मिनिटाला. कार्डाची तक्रार होऊन पैसे उलटे फिरायला कधीकधी आठवडे जातात, तोपर्यंत त्या विकणाऱ्याला पाचापैकी पाच तारे मिळून गेलेले असतात. म्हणजे जी गोष्ट तुम्हाला तपासायची आहे तीच तिथे दिसत नाही.

चोरीचं म्हणाल तर फॅक्टोरिओ हा गेम बनवणाऱ्या वूब सॉफ्टवेअरचं प्रकरण आहेच. चौकशीत त्यांच्या १९८ कीज जीटूएवर बेकायदा विकल्या गेल्याचं निघालं आणि २०२० मध्ये जीटूएने स्वतः त्यांना ३९,६०० डॉलर भरपाई दिली. छोट्या टीमने चौकशी मागितली म्हणून हे बाहेर तरी आलं.

आणि रिफंडचं काय? स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून झालेला असेल तर पैसे परत मिळतात. बाहेरून आणलेला कोड स्टीमवर टाकलात तर स्टीम त्याचे पैसे देणार नाही, कारण ते त्यांच्याकडे गेलेलेच नसतात. गेम तुमच्या कॉम्प्युटरवर अडखळत चालला तर काय करणार? स्वस्तच हवं असेल तर इज देअर एनी डील या साईटवर गेमचं नाव टाका, कुठल्या अधिकृत दुकानात आज सगळ्यात कमी किंमत आहे आणि आधी कितीपर्यंत उतरली होती ते दिसतं. विशलिस्टला लावा, थांबा. एपिक तर दर आठवड्याला काहीतरी फुकट देतंच.

जुनीडिस्क:
द क्रूबद्दल काटकसर बरोबर बोलतायत, पण मग त्यावर उपाय गॉग आहे, भुरटा कोड कसा काय उपाय होईल? गॉगवर गेम डीआरएमशिवाय, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या कुलपाशिवाय मिळतो, ऑफलाईन इन्स्टॉलर डाउनलोड करून स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवायचा, उद्या दुकान बंद पडलं तरी चालतो. स्टीमनेही ऑक्टोबर २०२४ पासून पैसे भरायच्या आधी स्पष्ट लिहायला सुरुवात केली की तुम्ही फक्त लायसन्स घेताय, गेमची मालकी नाही. मान्य, सगळे गेम गॉगवर नाहीत आणि ऑनलाईन खेळायचे तर त्याचा फार उपयोग नाही. पण एकट्याने खेळायचा गेम असेल तर मी आधी तिथेच बघते.

रात्रपाळी:
अधिकृत म्हणजे सेफ हे इतकं ठामपणे नका बोलू. फेब्रुवारी २०२५ मध्ये पायरेटफाय नावाचा गेम खुद्द स्टीमवर होता आणि त्यात मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर निघालं.

सेव्हपॉईंट:
निघालं, आणि स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने तो काढला, ज्यांनी उघडला होता त्यांना मेल पाठवून स्कॅन करा, जमल्यास विंडोज नव्याने टाका असंही सांगितलं. कुणी काय घेतलं याची नोंद दुकानाकडे असते म्हणून हे जमलं. अनोळखी माणसाकडून कोड घेतल्यावर तुम्हाला कोण मेल करणार? पण तुमच्या मुद्द्यात दम आहे, अगदी नवा, कुणालाच माहीत नसलेला फुकट गेम दिसला तर चार दिवस थांबून रिव्ह्यू वाचावेत.

बाकी लोकांचं खरं नुकसान होतं ते अकाऊंट गेल्यावर. मोबाईलवर स्टीम गार्ड (लॉगिन करताना दुसऱ्यांदा खात्री करून घेणारी सोय) चालू ठेवा. ओळखीच्या मित्राच्या नावाने 'आमच्या टीमला व्होट कर' अशी लिंक आली तरी तिथे लॉगिन करू नका, त्याचं अकाऊंट आधीच चोरीला गेलेलं असतं. गेमांनी भरलेलं आयतं अकाऊंट तर कधीच विकत घेऊ नका, नियमात बसत नाही आणि मूळ मालक जुन्या खरेदीचे पुरावे दाखवून ते परत मिळवू शकतो.

खेळगडी:
@काटकसर, बंडलमधला उरलेला कोड कुणी मित्राला दिला तर माझं काहीच म्हणणं नाही. पण त्या बाजारात समोर दिसणारा कोड बंडलमधला आहे की चोरलेल्या कार्डावरचा, हे तुम्ही कशावरून ओळखता?

काटकसर:
ओळखता येत नाही, बरोबर. अकाऊंटचं आणि रिफंडचंही पटलं, छोट्या टीमचे गेम यापुढे तिथे घेणार नाही. पण मोठ्या कंपन्या दहा वर्षं जुन्या गेमची किंमत उतरवतच नाहीत, तिथे मी स्वस्त कोड बघणार, त्यावर आपलं एकमत व्हायचं नाही.